हरकत नसल्यास

८ जानेवारी, सोमवार

डायरी लिहिणं हा माझा पिंड नाही. शाळेत निबंधसुद्धा मी शेजारच्याचा बघून लिहायचो. पण आता नऊ महिने परक्या घरी काढायचे आहेत, तर काय पाहिलं ते टिपून ठेवावं म्हटलं. परत गेल्यावर कंपनीत सांगायला बरं पडेल. तिखटमीठ आयत्या वेळी लावता येतं.

हकीकत अशी. आमची कंपनी थंड पेयं विकते. गोदाम आणि गाड्या माझ्याकडे, बावीस वर्षं झाली. एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेनं आमच्या मोठ्या साहेबांकडे माणूस मागितला. त्यांची औषधं दवाखान्यांपर्यंत वेळेवर पोचत नाहीत, आणि आमची बाटली मात्र कुठल्याही टपरीवर थंडगार मिळते, हे त्यांच्यातल्या कुणीतरी प्रवासात पाहिलं म्हणे. साहेबांनी मला आत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपला सगळ्यात अनुभवी माणूस देतोय मी त्यांना." पगार कंपनीचा, खुर्ची त्यांची. सप्टेंबरअखेर परत.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "सगळ्यात अनुभवी माणूस कुणी उसना देतं का?" मी म्हटलं, "शेजारीण साखर उसनी मागते तेव्हा आपण चांगलीच देतो ना?" तर म्हणे, "चांगली कुठली, डब्याच्या तळाला खडे झालेली असते ती देतो." ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर दोष शोधायचाच पगार मिळतो, घरी आली तरी हात थांबत नाही.

११ जानेवारी, गुरुवार

इथे कुणी मोठ्यानं बोलत नाही. गालिचा आहे, त्यामुळे पावलांचाही आवाज नाही. माणूस मागे कधी येऊन उभा राहिला ते कळत नाही. माझा आवाज गोदामातला. आज मी फोनवर बोलत असताना दोन जणांनी आपापली दारं हळूच लावून घेतली.

संचालक बाई भल्या वाटल्या. केस पांढरे, चष्मा गळ्यात. मला म्हणाल्या, "आम्हाला शिकवा." असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. घरात लेक आहे सतरा वर्षांची, ती तर नाहीच नाही.

आणखी एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे तोंडावर 'काका' आणि माघारी 'नियमावली' म्हणतात. इथला प्रत्येक कागद त्यांच्या हातून फिरतो. त्यांनी मला इथली पद्धत समजावायला घेतली. मी मान डोलावत होतो, पण खिडकीतून खाली यांची गाडी भरताना दिसत होती. खोकी उलटी. बाणाचं तोंड जमिनीकडे. माझा जीव वरखाली होत होता. काकांचं बोलून झालं तेव्हा मी "समजलं, समजलं" म्हणालो आणि धावत खाली गेलो.

१९ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर फिरतीवर. इथली रीत अशी: मुख्य गोदामातून औषधं निघतात, मधल्या कोठारात उतरतात, तिथून दवाखान्यांना जातात. अशी मधली कोठारं तीन. दोन हमरस्त्यावर, एक समुद्रापलीकडे बेटावर.

हमरस्त्यावरची दोन्ही पाहिली आणि डोक्याला हात लावला. माल उतरवतात, मोजतात, शिक्का मारतात आणि त्याच गाडीत परत चढवतात. त्याला पाच दिवस. का, तर आधीपासून तसं चालत आलंय. दवाखाना तिथून पुढे तासाभरावर. सरळ जा की बाबा. आमची बाटली अशी पाच दिवस उन्हात बसली असती तर साहेबांनी मला सोलून काढलं असतं.

बेटावर गेलो नाही. बोट आठवड्यातून दोनदा जाते आणि मला बोट लागते. तिथे असून असून काय वेगळं असणार. एक शीत चाचपलं की भात कळतो.

३० जानेवारी, मंगळवार

प्रस्ताव लिहिला. झकास उतरलाय, माझा मलाच विश्वास बसेना.

मला बंद करायची आहेत हमरस्त्यावरची दोन कोठारं. लिहिली तीन. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. दोन गाड्या हव्या असतील तर तीन मागाव्यात. साहेब एक कापतात, त्यांना काटकसर केल्याचं समाधान आणि आपल्याला दोन गाड्या. मी एकदाच शहाणपणा करून सरळ दोन मागितल्या होत्या, तर हातात एक आली आणि वर्षभर बोंबलत बसलो. तेव्हा बेटाचं कोठार मी त्यांना कापायला म्हणून दिलंय. त्याच्यासाठी दोन ओळी खरडल्या: "उलाढाल अत्यल्प. बोटीनं थेट पुरवठा शक्य."

काकांनी कागद घेतला, वर क्रमांक टाकला, खाली त्यांचा तो नेहमीचा छापील मजकूर चिकटवला. "शुक्रवार ९ फेब्रुवारी दुपारी बारापर्यंत हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल." प्रत्येक कागदाखाली असतं हे, बसच्या तिकिटामागे बारीक अक्षरात असतं तसलं. मग काकांनी विचारलं, "तीन? नक्की?" मी म्हटलं, "नक्की. एवढ्यावर तर घासाघीस सुरू होईल." काकांनी कागद पुढच्या टोपलीत टाकला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बारा वाजून गेले, एक वाजला, संध्याकाळ झाली. एक माणूस काही बोलला नाही. ना हो, ना नाही, ना 'हे काय लिहिलंय'. मी मुद्दाम दोनदा चहाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. लोक हवेबद्दल बोलले.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कंपनीत साहेब गप्प बसले की समजायचं, नाही म्हणाले. तोंडावर नाही म्हणायला त्यांना जड जातं, म्हणून ते उत्तरच देत नाहीत. बावीस वर्षांत याला एकही अपवाद नाही. इथेही तेच दिसतंय, फक्त गालिच्यावरून.

बायको म्हणाली, "जाऊन विचार ना सरळ." मी काय भीक मागायला गेलोय?

२१ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या साहेबांना पत्र टाकलं होतं. सप्टेंबरनंतर माझी जागा कुठली, तीच ना, आणि नव्या गोदामाचं काम माझ्याकडे येणार का, एवढंच विचारलं होतं. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. कामात असतील. काही वावगं असतं तर फोन केला असता त्यांनी.

आज तिकडून जाणं झालं म्हणून कंपनीत डोकावलो. माझ्या खोलीत 'वकील' बसला होता. माझ्या हाताखालचा पोरगा, फार वाद घालतो म्हणून मीच ते नाव ठेवलेलं. मला बघून ताडकन उठला. "तात्पुरतं बसलोय सर, तिकडचा पंखा बिघडलाय." मी म्हटलं बस रे, बस. भिंतीला नवा रंग दिलाय, छान दिसतो. माझी फुलदाणी कपाटावर ठेवलीय, नीट कागदात गुंडाळून. पोरगा जपतो सगळं.

११ मार्च, सोमवार

आज जे झालं ते लिहिताना हसू की रडू कळत नाही.

सकाळी गोदामात गेलो तर हमरस्त्याची गाडी थेट दवाखान्यांच्या क्रमानं भरत होते. मी विचारलं, "मधलं कोठार?" हमाल म्हणाला, "ते बंद झालं की साहेब. दोन्ही. तुमचाच कागद होता ना?"

तसाच वर काकांकडे गेलो. काकांनी फाइल उघडून दाखवली. हरकत आली नाही, प्रस्ताव मान्य. पूर्ण. मी म्हटलं, "पण कुणी काही बोललंच नाही." काका म्हणाले, "म्हणून तर मान्य." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लेक मला मोबाइल शिकवताना बघते. पहिल्या आठवड्यात त्यांनी हेच समजावलं होतं म्हणे. मी तेव्हा खोक्यांचे बाण मोजत होतो.

मग बाई आल्या आणि सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. औषध आता दुसऱ्या दिवशी पोचतं. एका दवाखान्यानं तर चुकून दोनदा आलं की काय म्हणून फोन केला होता. टाळ्या वाजल्या. गालिच्यावर टाळ्या. शेवटी बाई म्हणाल्या, "बेटाचं एप्रिलअखेर उचलू, वाऱ्याचा मोसम सुरू व्हायच्या आत."

तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण टाळ्या चालू असताना 'अहो, तिसरं आपलं उगाच' असं कसं म्हणणार? आणि एवढे शिकलेले लोक आहेत, त्यांनी विचार केलाच असेल. बेटावर खरंच गरज असती तर कुणीतरी हरकत घेतलीच असती.

८ एप्रिल, सोमवार

कंपनीच्या मासिकात माझा फोटो. 'आपला माणूस, जगाच्या कामी.' पोट जरा आत ओढायला हवं होतं. आणि साहेबांचा फोन, स्वतःहून, जानेवारीनंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "नाव काढलंस. तिथेच रमलास तर रमू दे, परत यायची घाई करू नकोस." मन मोठं आहे माणसाचं.

हे बायकोला सांगितलं. ती कप विसळत होती. बराच वेळ तोच कप विसळत राहिली. मी म्हटलं, "ऐकतेस ना?" म्हणाली, "ऐकतेय." मग मला जवळ घेतलं, कारण नसताना. एकोणीस वर्षांच्या संसारात ती अशी कारण नसताना फार वेळा जवळ घेत नाही. आनंद झाला असणार.

२९ एप्रिल, सोमवार

बेटावरून फोन आला. तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टर. आवाज माझ्यापेक्षा मोठा.

"तुम्हीच का ते पेयवाले साहेब? शनिवारच्या बोटीनं कोठारातला माझा फ्रीज घेऊन गेले. मला सांगा, मी आता औषध कुठे ठेवू, पदराखाली?"

मी म्हटलं, "आठवड्यातून दोनदा ताजा माल येईल ना बोटीनं."

"साहेब, वारं सुटलं की बोट महिना महिना येत नाही. आणि वारं सुटलंच आहे. वीज दिवसातून चारदा जाते, तो फ्रीज उन्हावर चालायचा म्हणून निभत होतं. इथे बारा माणसं इन्सुलिनवर आहेत. बेकरीवाल्याची पोरगी सात वर्षांची आहे, रोज दोन वेळा सुई घेते. तिला काय सांगू, उलाढाल अत्यल्प आहे?"

माझेच शब्द. तिच्यापर्यंत कागदाची प्रत गेली होती. मी विचारलं, "मग तुम्ही हरकत का नाही घेतली?" तर म्हणाली, "प्रत माहितीसाठी होती. हरकत घ्यायचा हक्क तुमच्या मजल्यावरच्यांना."

सध्या तिनं औषध चार घरांच्या फ्रीजमध्ये वाटून ठेवलंय. फोन ठेवल्यावर मी जेवलो नाही. साधा विचार आहे: दोन हवी होती म्हणून मी तिसरं एक नग म्हणून लिहिलं. त्या नगात सात वर्षांची पोरगी होती.

२ मे, गुरुवार

बाईंकडे गेलो. दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. तीन मागितली ती दोन मिळावीत म्हणून. तुम्ही एक कापाल असं धरून चाललो होतो.

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला बेटाचं खटकलं होतं. इथल्या निम्म्या लोकांना खटकलं असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कागदाला आम्ही इतक्या हरकती घेतो की तो कंटाळून जातो. तुम्ही आलात तेव्हा आम्ही आपसांत ठरवलं होतं, या वेळी मध्ये बोलायचं नाही. वाटलं, तुम्हाला धंदा कळतो, काहीतरी पाहिलं असेल."

मी काय पाहिलं होतं? मी बोटीला घाबरलो होतो. तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मला फार लाज वाटली आणि त्यांचं वाईटही वाटलं. एवढ्या विश्वासानं गप्प बसलेली माणसं मी आधी कधी पाहिली नव्हती.

झालेला ठराव त्यांना एकटीला फिरवता येत नाही. पण दुसरा कागद आधीच फिरतोय, माझ्याच प्रस्तावाचा पुढचा भाग, खाली माझंच नाव. बेटावरची खोली मोकळी करून द्यायची आणि इथे गोदामात आणून ठेवलेला तो फ्रीज दुसऱ्या देशातल्या योजनेला पाठवायचा. एकदा तो जहाजात चढला की गेलाच. मुदत पुढच्या शुक्रवारी दुपारी बारा. तोवर हरकतीचा हक्क असलेल्यांच्या यादीतल्या कुणीही एकानं हरकत घेतली तर सगळं थांबेल आणि बैठक लागेल. संचालक म्हणून त्यांना यादीत जागा नाही, त्या फक्त शेवटी सही करतात. मी म्हटलं, "कुणीतरी घेईलच." बाई म्हणाल्या, "तुमच्या कागदावर? अवघड आहे."

६ मे, सोमवार

कुणीतरी घेईल म्हणून मी चार जणांना आडवळणानं सुचवून पाहिलं. चौघांनीही "छे छे, तुमचं काम उत्तम आहे" म्हणून माझीच पाठ थोपटली.

साहेबांचा सल्ला घ्यावा म्हणून फोन केला. ते म्हणाले, "वेडा आहेस का? परवा वार्षिक सभा आहे. माझ्या भाषणात आहे, आपल्या माणसानं तीन कोठारं मिटवली. तीनच राहू दे. तुझ्या परत येण्याचं मी बघतोय ना." आता 'बघतोय' म्हणाले म्हणजे काहीतरी चालू असणार. मी हरकत घेतली तर साहेबांचं भाषण खोटं पडतं, आणि साहेब एकदा दुखावले की माणूस संपला. बावीस वर्षं आहेत ती. मलाही घर आहे.

८ मे, बुधवार

सिस्टरचा फोन. गेला आठवडाभर वीज नव्हती. एका पत्र्याच्या घरातलं औषध उकाड्यात दिवसचे दिवस तापून नासलं, ते तसंच टोचलं गेलं आणि लागू पडलं नाही. बेकरीवाल्याच्या पोरीची साखर चढली. मासेमारीच्या बोटीत घालून, त्या वाऱ्यात, तिला इकडच्या किनाऱ्यावरच्या रुग्णालयात आणलं. पोरगी वाचली. बोटीत बाप तिला धरून होता आणि सिस्टर बापाला.

"आज ती उठून बसली," सिस्टर म्हणाली. आज ओरडली नाही. तिनं ओरडायला हवं होतं.

९ मे, गुरुवार

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. पोरीचं, साहेबांच्या भाषणाचं, सगळं. शेवटी म्हणालो, "उद्या हरकत घेतली तर माझी जागा जाईल गं."

ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली, हात पुसले, माझ्यासमोर बसली.

"तुझी जागा गेली आहे," ती म्हणाली. "मार्चमध्येच गेली. वकिलाची बायको लॅबमध्ये आली होती तपासणीला. त्याला कायम केलंय तुझ्या खुर्चीवर. तिला वाटलं, मला माहीत असेल."

मी म्हटलं, "तात्पुरता आहे तो. पंखा बिघडला होता."

आणि मग एकेक गोष्ट माझी मलाच दिसायला लागली. नवा रंग, कागदात गुंडाळलेली फुलदाणी, घाई करू नकोस. पत्राला उत्तर नाही. साहेब गप्प बसले की त्याचा अर्थ काय, हे अख्ख्या कंपनीला मीच शिकवत आलोय.

"मला का नाही सांगितलंस?"

"तो फोटो घेऊन आलास तेव्हा सांगणार होते. इतका खुशीत होतास की माझी जीभ रेटेना." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याही. लेक पाणी प्यायला आली, आम्हा दोघांना बघून तशीच मागे फिरली. पुन्हा आली, मधे बसली आणि म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही, माझी नोकरी गेली." ती म्हणाली, "हुश्श, मला वाटलं आजी." हसावंच लागलं.

१० मे, शुक्रवार

सकाळीच काकांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "हरकत नोंदवायची आहे."

"कुठल्या कागदावर?"

"माझ्या."

काकांनी चष्मा काढला, घातला. कपाटातून नियमांचा ग्रंथ काढला आणि उभ्या उभ्याच चाळायला लागले. अखेर म्हणाले, "लेखकानंच स्वतःच्या कागदाला हरकत घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण घेऊ नये असंही कुठे लिहिलेलं नाही. तुमचं नाव यादीत आहे. कारण सांगा."

मी सांगितलं, त्यांनी टंकलं. "मी तीन मागितली, कारण मला दोन हवी होती. बेट मी पाहिलेलं नाही. तिथे औषध नीट न राहिल्यानं एक मूल मरता मरता वाचलं आहे." काका 'मूल'पाशी थांबले. "हे असंच ठेवू?" म्हटलं, "असंच."

कागद सगळ्यांना गेला. मी जागेवर येऊन बसलो. थोड्या वेळानं पहिलं उत्तर आलं: "माझीही हरकत." मग दुसरं. मग हिशेब खात्यातल्या बाईंचं लांबलचक, त्यांना पहिल्या दिवसापासूनच शंका होती म्हणे. जेवायच्या सुट्टीपर्यंत माझी धरून अकरा झाली. यादी होती बारा जणांची. बारावे गृहस्थ रजेवर आहेत.

दुपारी बैठक लागली. या गालिच्यावर इतका आरडाओरडा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा नव्हता. फ्रीज परत बेटावर जाणार. हमरस्त्याची दोन बंदच राहतील. ती चूक नव्हती, तेवढं मला मिळालं.

संध्याकाळी साहेबांचा फोन. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. या वेळी गप्प बसले नाहीत, स्वच्छ बोलले. सप्टेंबरनंतर कंपनीत जागा नाही. मी म्हटलं, "ठीक आहे साहेब. सांगितलंत ते बरं केलंत." खरंच बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर होतो तिथेच जमिनीवर बसलो. दोन्ही खरं आहे.

१६ मे, गुरुवार

वारं जरा पडलं म्हणून बोट निघाली. फ्रीजबरोबर मी पण गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण वाटभर कठड्याला धरून ओकत होतो आणि खलाशी फ्रीज सोडून माझ्याकडे लक्ष देत होते.

सिस्टर फोनवरून वाटली त्यापेक्षा बुटकी निघाली. तिनं मला नखशिखांत पाहिलं, पाणी दिलं, आणि "आधी फ्रीज आत घ्या, मग मरा" म्हणाली. फ्रीज जागेवर लावला. तो रिकामा चालवून पुरता गार झाल्याशिवाय औषध आत ठेवायचं नसतं, म्हणून सगळे बाहेर ओसरीवर थांबलो.

बाकावर एक माणूस बसला होता, मनगटापर्यंत पीठ. शेजारी एक बारकी मुलगी. ओळखायला वेळ लागला नाही. मासेमारीच्या बोटीनं कालच घरी आली होती म्हणे.

तो म्हणाला, "फ्रीज न्यायला लावला ते साहेब तुम्हीच?"

"हो."

"आणि परत आणायला लावला ते?"

"तेही मीच."

मला वाटलं, आता त्याच्या तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला असता तर मी एक शब्द न बोलता ऐकून घेतला असता. मला 'चुकलो' म्हणायचं होतं. ते इतकं उशिरा आणि इतकं पुटपुटत म्हणालो की त्याला ऐकू आलं की नाही देव जाणे. त्यानं मुलीला जरा अलीकडे ओढलं आणि बाकावर जागा केली.

"बसा," तो म्हणाला. "उभं राहून गार होत नाही तो."

मी बसलो. मुलगी पाय हलवत होती. बऱ्याच वेळानं सिस्टर आतून हाक मारत आली, हातात सुई. मुलीनं सांगायच्या आत बाही वर केली आणि दंड पुढे धरला. रडली नाही, डोळेसुद्धा मिटले नाहीत. मीच मान दुसरीकडे वळवली.

"बघा की साहेब," सिस्टर म्हणाली. "एवढे ओकत आलात ते कशासाठी?"

मग मी बघितलं.